गाभण कुत्रीचं पोट बिघडलं? आधी दिवस मोजा, मग औषधाचं बोला

गाभण कुत्रीला उलटी झाली की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘हिला काय देऊ?’ त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: आज कितवा दिवस? पंचविसाव्या, पंचेचाळिसाव्या आणि बासष्टाव्या दिवशीची उलटी दिसायला सारखीच, पिवळट आणि फेसाळ. पण पहिली बहुधा दोन-चार दिवसांत आपोआप थांबते. दुसरीमागे जंत किंवा आजार आहे का ते शोधावं लागतं. तिसरी झाली की जुन्या चादरी काढून ठेवायच्या, कारण पिल्लं येण्याची वेळ झालेली असते. पुढे लिहिलेलं सगळं या हिशेबाने वाचा. डॉक्टरांकडे जाण्याआधी घरात काय बघायचं, काय करायचं आणि कशाला हातही लावायचा नाही, एवढ्यासाठी हे आहे. उपचार डॉक्टरच ठरवतील.

तारीख, वजन आणि एक वही

कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. पण मेटिंगच्या तारखेपासून मोजलं तर ५८ ते ६८ दिवसांत कधीही पिल्लं होऊ शकतात. मेटिंग दोनदा झालं असेल तर दोन्ही तारखा लिहून ठेवा. पंचविसाव्या दिवसानंतर सोनोग्राफीत पिल्लं आणि त्यांचे ठोके दिसतात, पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रेवर ती मोजता येतात. सोसायटीच्या आवारातल्या कुत्रीची तारीख कुणालाच ठाऊक नसते. तिच्यासाठी सोनोग्राफी हाच अंदाजाचा मार्ग.

सोनोग्राफी चैन म्हणून करायची नसते. माजानंतर महिना-दोन महिन्यांनी कुत्री जेवेनाशी झाली, उलट्या करू लागली, पोट जड दिसू लागलं, तर घरचे ‘गाभण आहे’ म्हणून खुश होतात. प्रत्यक्षात तो गर्भाशयात पू होण्याचा आजार, म्हणजे पायोमेट्रा असू शकतो. तो नेमका याच काळात होतो आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर कुत्री दगावते. खूप पाणी पिणं, सारखी सू आणि मागून घाण वासाचा स्राव ही त्याची खूण. मात्र गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर स्राव दिसतच नाही. खोटं गाभणपणही असतं: पिल्लं नसतात, पण स्तन भरतात, भूक मंदावते, कधी उलटीही होते. तिन्हींतला फरक हाताने पोट चाचपून घरी कळत नाही.

दर आठवड्याला वजन करा. लहान कुत्रीला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. लॅब्रेडॉरसारखी मोठी असेल तर क्लिनिकमधला काटा वापरा. पूर्ण काळात वजन साधारण १५ ते २५ टक्के वाढतं. पाचव्या आठवड्यानंतर ते घटलं, तर शी कशीही होत असो, डॉक्टरांना कळवायचं.

तिसरा-चौथा आठवडा: डोहाळे म्हणा हवं तर

या काळात अनेक कुत्र्या तोंड फिरवतात. आवडतं चिकनही हुंगून बाजूला होतात, सकाळी रिकाम्या पोटी पिवळा फेस टाकतात, गवत खातात. गर्भ रुजत असतो, हार्मोन बदलत असतात. कुत्री खेळत असेल, पाणी पीत असेल, फिरायला उत्साहाने निघत असेल तर घाबरू नका. दोन वेळचं जेवण चार वेळांत वाटा आणि शेवटचा घास रात्री झोपण्याआधी द्या, म्हणजे पहाटे पित्त उसळत नाही. अन्न किंचित कोमट केलं की वास सुटतो आणि नाखूष कुत्रीही दोन घास खाते. जबरदस्तीने भरवू नका.

अन्न वाढवण्याची घाईही नको. पहिले पाच आठवडे गर्भ इतके लहान असतात की कुत्रीला नेहमीपेक्षा फारसं जास्त लागत नाही. या दिवसांत डबल जेवण दिलं तर चरबी वाढते, आणि लठ्ठ कुत्रीला विताना जास्त त्रास होतो.

लाडाचं खाणं

माझ्या पाहण्यात गाभण कुत्र्यांची पोटं सगळ्यांत जास्त बिघडतात ती प्रेमाने. बिल्डिंगमध्ये बातमी पसरते आणि प्रत्येक मजल्यावरून काहीतरी खाली येतं. आमच्याकडच्या एका काकू डिंकाचा लाडू घेऊन आल्या. ‘काकू, त्यात मनुका असतील,’ म्हटलं. ‘अरे, दोन जिवांची आहे ती, तिला ताकद नको?’ काकूंचं चुकत नव्हतं, लेकीसुनांना त्यांनी तेच दिलेलं. पण द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर होईल ते कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून ‘एकच दिला’ याला अर्थ नाही. लाडवातलं तूप वेगळं. एकदम तुपकट खाल्लं की स्वादुपिंडाला सूज येऊन उलट्या सुरू होतात. जायफळही जास्त झालं तर बाधतं.

हाच हिशेब मनुका घातलेल्या प्रसादाच्या शिऱ्याला आणि दिवाळीच्या करंजीला. कांदेपोहे तर नकोच. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजलेले, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. पिल्लांसाठी रक्त पुरवणाऱ्या कुत्रीला त्यातून ॲनिमिया होणं म्हणजे दुहेरी मार. वडापावची लसणाची चटणी त्यातच आली. चॉकलेट नको, शुगर-फ्री गोळ्या-बिस्किटं नकोत (त्यांत झायलिटॉल हा कुत्र्यांना विषारी असलेला गोडवा असू शकतो), खारवलेले सुके बोंबील नकोत.

आता ‘पौष्टिक’ म्हणून दिल्या जाणाऱ्या तीन गोष्टी.

कॅल्शियमचं सिरप. ‘पिल्लांची हाडं’ म्हणून दुकानदार ते काढून देतो. पण गाभणपणात बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची स्वतःची यंत्रणा सुस्तावते. पुढे दूध सुरू झालं की अचानक मागणी वाढते आणि रक्तातलं कॅल्शियम कोसळून झटके येतात. पॉमेरेनियन, शिट्झूसारख्या लहान जातींत हा धोका जास्त. डॉक्टरांनी स्वतःहून लिहून दिलं नसेल तर बाटली बंदच राहू द्या.

कलेजी. आठवड्यातून एखादा तुकडा ठीक. रोज वाटीभर दिली तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो आणि पिल्लांत टाळू दुभंगण्यासारखे दोष येऊ शकतात.

कच्चं मांस, कच्चं अंडं. साल्मोनेला आणि लिस्टेरियासारख्या जंतूंमुळे नुसते जुलाब होत नाहीत, गर्भपातही होऊ शकतो. इंटरनेटवर रॉ डाएटचं कितीही कौतुक असो, निदान गाभणपणात सगळं शिजवूनच द्या.

उलटी किंवा जुलाब झाले तर पहिले काही तास

हे फक्त तेव्हाच, जेव्हा कुत्री टवटवीत आहे, शेपटी हलवते आहे, ताप नाही, रक्त नाही आणि उलटी किंवा पातळ शी एक-दोनदाच झाली आहे.

१. पुसण्याआधी फोटो काढा आणि वेळ लिहा. उलटीत काय आहे (अन्न, पित्त, जंत, प्लास्टिक), शी पाण्यासारखी आहे, शेंबडासारखी आहे की काळी डांबरासारखी, हे डॉक्टर पहिल्याच वाक्यात विचारतात. ‘जरा पातळ होती’ याने काही कळत नाही.

२. ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबली की पांढरी पडते, बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पुष्कळ गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळात काळ्या असतात. अशा वेळी खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. हिरडी चिकट आणि कोरडी लागली तर शरीरातलं पाणी कमी झालंय. फिकट पांढरी, पिवळी किंवा विटकरी दिसली तर पुढच्या पायऱ्या वाचत बसू नका, निघा.

३. पहिल्या महिन्यात चार-सहा तास जेवण थांबवायला हरकत नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत आणि अगदी लहान जातींत उपाशी ठेवू नका. रक्तातली साखर पटकन उतरते. त्यांच्याबाबतीत सरळ डॉक्टरांना फोन.

४. पाणी थोडं-थोडं. वाडगाभर पाणी घटाघटा पिऊन ती पुन्हा ओकेल. दर अर्ध्या तासाने काही चमचे, किंवा चाटायला बर्फाचा खडा. ओआरएस द्यायचं तर पावडरचं साधं पाकीट, त्यावर लिहिलेल्या प्रमाणात उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि तेही थोडंच. चवीची गोड टेट्रापॅक नकोत.

५. मग मऊ भात दोन भाग आणि उकडलेलं बोनलेस चिकन एक भाग, हाताने कुस्करून. मीठ नाही, फोडणी नाही, आणि चिकन उकडताना सवयीने पडणारं आलं-लसूणही नाही. लिंबाएवढा गोळा द्या, तास-दीड तास बघा, टिकला तर पुढचा.

६. चोवीस तासांत फरक पडला नाही तर डॉक्टर. फरक पडला तरी भात-चिकनवर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. पोटाला ते बरं असतं, पण पिल्लं वाढवायला अपुरं. नेहमीच्या खाण्यावर हळूहळू या.

घरातला औषधांचा डबा बंद

पोट दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका. कुत्र्यांच्या जठराला, यकृताला, किडनीला ती घातक ठरू शकतात, गाभण असो वा नसो. माणसांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या नकोत. जंतूंमुळे जुलाब असतील तर ते आत कोंडले जातात. मेट्रोनिडाझोलची उरलेली अर्धी पट्टी बऱ्याच घरांत असते आणि ‘माणसाला चालते’ म्हणून दिली जाते. गाभणपणात ती टाळतात, खास करून सुरुवातीला. मिसोप्रोस्टॉल हे जठराच्या अल्सरचं औषध गर्भपातच घडवतं.

मुंबईपुरती आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आल्यावर लेप्टो (उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारा आजार) होऊ नये म्हणून महापालिका माणसांना डॉक्सीसायक्लिन घ्यायला सांगते. कुत्रीही त्याच पाण्यातून आली, मग तिलाही एक, असा विचार कुणी करेल. पण या गटातली औषधं पिल्लांच्या वाढत्या हाडांवर आणि दातांवर परिणाम करू शकतात. आजारच झाला तर कोणतं औषध द्यायचं आणि धोका पत्करायचा का, हे डॉक्टर ठरवतील.

जुलाब: जंत, पाऊस, गोचीड

अन्न बदलल्यामुळे होणारे जुलाब सगळ्यांत सोपे. नवीन खाणं आणायचं तर सात-आठ दिवसांत, थोडं जुनं थोडं नवं करत.

जंतांचं प्रकरण जास्त चमत्कारिक आहे. गोल जंतांच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंत वर्षानुवर्षं गप्प पडून असतात. नेहमीच्या जंतनाशकाने त्या मरत नाहीत. गाभणपणाच्या साधारण बेचाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला त्या जाग्या होतात आणि वारेतून (प्लासेंटातून) थेट पिल्लांत उतरतात. अंकुशकृमी (हूकवर्म) दुधातून जातात. म्हणून ‘मागच्याच महिन्यात डोस दिला होता’ असं असूनही पिल्लं पोटफुगी आणि जंत घेऊनच जन्माला येतात. यावर डॉक्टर चाळिसाव्या दिवसापासून पिल्लं झाल्यानंतर चौदाव्या दिवसापर्यंत रोज फेनबेंडाझोल देण्याचा कोर्स सांगतात. मात्रा वजनावर ठरते. दुकानातून कुठलीही जंताची गोळी आणून देऊ नका, काही जंतनाशकं गाभणपणात चालत नाहीत. या कुत्रीची शी लगेच उचला आणि हात साबणाने धुवा. हे गोल जंत माणसांत, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांत, शिरू शकतात.

पावसाळ्यात उलट्या आणि जुलाबांबरोबर ताप, मलूलपणा, डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्या. उंदरांच्या मूत्रातून तो पाण्यात येतो, कुत्रीचा गर्भपात करू शकतो आणि तिच्या लघवीतून आपल्यालाही होऊ शकतो. हातमोजे घाला. त्याची लस मेटिंगआधी झालेली असणं उत्तम. परळ, हिंदमाता, किंग्ज सर्कल, कुर्ला अशा पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर पाऊस ओसरेपर्यंत कुत्रीला कोरड्या जागीच सू-शीला न्या, मग ती पार्किंगचा कोपरा असो की गच्ची. सोसायटीच्या सेक्रेटरीशी वाद होईल. तो परवडतो.

जेवण पूर्ण बंद, ताप, फिकट हिरड्या आणि कानामागे किंवा बोटांच्या बेचक्यात गोचीड असेल तर मूळ दुखणं पोटाचं नसून गोचीडतापाचं असू शकतं. ते रक्ततपासणीतच कळतं.

शी होत नाही

पोटात पिल्लं वाढली की गर्भाशय आतड्यांवर दाब देतं, त्यात हार्मोन आतड्यांची चाल मंदावतात. मुंबईच्या उकाड्यात भर दुपारी धापा टाकणारी कुत्री पाणी कमी प्यायली की शी अधिकच घट्ट होते. शिवाय मटण-चिकनवाल्याकडून ‘कुत्र्यासाठी’ आणलेली हाडं. शिजलेलं हाड टोकदार तुटतं आणि त्याचा चुरा आतड्यात खडूसारखा थापला जातो. हाडं खाल्लेल्या कुत्रीची शी पांढुरकी, भुगा होणारी दिसते.

उपाय साधे. उकडून कुस्करलेला लाल भोपळा, लहान कुत्रीला जेवणात एक-दोन छोटे चमचे, मोठीला दोन-तीन मोठे चमचे. जेवणात पाणी मिसळून ते सरबरीत करा. सकाळ-संध्याकाळ ऊन उतरल्यावर सावकाश चालवा. इसबगोल द्यायचा तर डॉक्टरांना विचारून आणि भरपूर पाण्यासोबत. पाणी कमी पडलं तर तोच अडकून बसतो. एरंडेल नको. माणसांसाठी मिळणारा फॉस्फेटचा एनिमा तर मुळीच नाही, लहान कुत्र्यांत तो जिवावर बेततो. दोन दिवस शी झाली नाही, किंवा ती सारखी जोर करते आहे पण काही होत नाही, तर दाखवून आणा. दिवस भरत आलेले असतील तर ज्याला आपण शीचा जोर समजतो आहोत त्या कळा असू शकतात.

शेवटचे तीन आठवडे

आता खरी भूक लागते आणि नेमकी पोटात जागा उरत नाही. नेहमीपेक्षा साधारण पाव ते अर्धा भाग जास्त अन्न लागतं, पण एका वेळी ते मावत नाही. दिवसातून चार ते सहा वेळा थोडं-थोडं द्या आणि पाणी सतत समोर ठेवा. चांगल्या प्रतीचं पपी फूड या काळात सोयीचं, कारण थोड्या घासांत जास्त ताकद मिळते. घरचं खाणं देत असाल तर भात बंद करून फक्त मांस देऊ नका. गाभण कुत्रीला पिष्टमय पदार्थही लागतात.

या टप्प्यात एखाद्या वेळी जेवण सोडलं तर ठीक. पूर्ण दिवस काही खाल्लं नाही, त्यात पिल्लं जास्त आहेत, कुत्री थरथरते किंवा लडखडते, तर साखर उतरली असेल किंवा शरीरात कीटोन (उपासात चरबी जळून तयार होणारे पदार्थ) साचत असतील. हे प्रकार विरळ, पण थांबून बघण्यातले नाहीत.

ताबडतोब निघायचं ते केव्हा

उलट्या होऊन पाणीही टिकत नाही. उलटीत किंवा शीत रक्त आहे, किंवा शी काळी चिकट आहे. ताप १०३ फॅरनहाइटच्या वर. मागून पू किंवा घाण वास. पोट ढोलकीसारखं ताणलेलं आणि कोरड्या उबळ्या येतात पण बाहेर काही पडत नाही: जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या जातींत जठराला पीळ पडल्याची ही खूण, आणि तिथे तासाभराचा उशीरही महागात पडतो. ‘गाभण आहे म्हणून पोट मोठं’ अशी समजूत इथे घात करते. गाभणपणाचं पोट आठवड्या-आठवड्याने वाढतं, एका संध्याकाळीत नाही.

परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल, आपलं बैलघोडा हॉस्पिटल, १८८३ पासूनचं. शेजारीच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालं. पण दहिसर किंवा मुलुंडहून संध्याकाळी सात वाजता परळला पोचायला किती वेळ लागतो ते सांगायला नको. म्हणून पन्नासाव्या दिवसाच्या आत जवळपास रात्री कोण डॉक्टर उपलब्ध असतो, तिथे सिझेरियन होतं का, हे फोन करून विचारून ठेवा. कुत्रं बघून टॅक्सीवाले नाही म्हणतात, तेव्हा गाडीवाला शेजारी आधीच पटवून ठेवलेला बरा.

पिल्लं होण्याच्या दिवशी आणि नंतर

पंचावन्नाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर लावून तापमान लिहा. ते ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरलं की बहुधा चोवीस तासांत पिल्लं येतात. त्याच दिवशी कुत्री जेवण नाकारते, एखादी उलटी करते, शी पातळ होते, थरथरते, गादी उकरते. हे सगळं अपेक्षित आहे, पोटाचं औषध देऊ नका. मात्र पहिलं पिल्लू येण्याआधी हिरवट-काळा स्राव दिसला, किंवा अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही, तर उचला आणि चला.

पिल्लांमागे येणारी वार कुत्री खाते. एक-दोन खाल्ल्या तरी चालतं, सात-आठ खाल्ल्या की दुसऱ्या दिवशी काळसर पातळ शी आणि उलटी ठरलेली. शक्य तेवढ्या हळूच बाजूला करा, पण किती बाहेर पडल्या ते मोजा, कारण एखादी आत राहिली तर ताप येतो. तीनेक दिवसांनीही जुलाब चालू असतील, ती पिल्लांकडे लक्ष देत नसेल किंवा अंग तापलं असेल तर डॉक्टरांना बोलवा. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात धाप, बेचैनी, ताठ चाल आणि थरथर दिसली तर ते कॅल्शियम कोसळल्याचं लक्षण. पिल्लं लगेच तिच्यापासून दूर करा, त्यांना पिल्लांसाठीचं तयार दूध बाटलीने पाजा आणि तिला तसंच क्लिनिकमध्ये न्या. तिथे कॅल्शियम शिरेतून, ठोके मोजत, हळूहळू द्यावं लागतं, आणि हे घरी करण्यासारखं नाही.